तुमचे प्रश्न: ‘खर्च आटोक्यात आहे’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: आमचं पाइपलाइनचं काम चालू आहे. एकूण बजेट 100 धरलं, तर आजच्या तारखेपर्यंत 40 खर्च होणं अपेक्षित होतं, प्रत्यक्षात 38 झालाय. 40 टक्के लांबीत पाइप टाकून जोडून झालेत. मॅनेजर साहेबांच्या मते सगळं वेळेवर आणि वर 2 ची बचत. मला मात्र खात्री वाटत नाही. अर्न्ड व्हॅल्यूने यातलं काय कळेल?

उत्तर: तुमची शंका रास्त आहे. अपेक्षित खर्च आणि झालेला खर्च हे दोन आकडे शेजारी ठेवून कामाबद्दल काहीच कळत नाही. काम रखडलं तरी खर्च कमीच दिसतो. तिसरा आकडा लागतो: जेवढं काम खरोखर झालं, त्याला बजेटमध्ये किती किंमत धरली होती? तीच अर्न्ड व्हॅल्यू.

तुमच्या साहेबांनी ती 40 धरली आहे, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. पाइप टाकणं हे पाइपलाइनच्या कामातलं सगळ्यात दिसणारं काम आहे, म्हणून प्रगती त्यावरच मोजली जाते. पण खोदाई, पाण्याच्या दाबाची चाचणी आणि भराई यांनाही बजेटमध्ये वाटा आहे. तुम्ही पत्रासोबत वाटा आणि प्रगतीचा जो तक्ता पाठवलात, त्यावरून मी असं मांडलं: खोदाईला 20, पाइप टाकणं-जोडणीला 45, चाचणीला 20, भराईला 15. खोदाई निम्मी झालीय, म्हणून 10. पाइप 40 टक्के, म्हणजे 18. चाचणी दहाच टक्के लांबीची झालीय, म्हणजे 2. भराई अजून सुरूच नाही. बेरीज 30.

आता चित्र बदललं. 38 खर्चून 30 चं काम झालंय, म्हणजे सीपीआय (झालेल्या कामाची किंमत भागिले झालेला खर्च) सुमारे 0.79. आजवर 40 चं काम व्हायला हवं होतं, म्हणजे एसपीआय (झालेलं काम भागिले आजवर व्हायला हवं होतं ते काम) 0.75. (हे 40 सुद्धा याच वाट्यांनी काढलंय ना, ते तपासा. दोन्हीकडे मोजपट्टी एकच हवी.) खर्चाची हीच चाल राहिली, तर 100 भागिले 0.79, म्हणजे काम संपेपर्यंत 127 च्या आसपास जातील. बचत तर सोडाच, पाव बजेट आणखी लागेल.

साहेब म्हणतील, ‘पुढे भरून काढू.’ त्यांच्यापुढे एवढंच मांडा: उरलंय 70 चं काम, हातात आहेत 62. म्हणजे इथून पुढे प्रत्येक 1 खर्चात 1.13 चं काम निघायला हवं. आजवर 0.79 निघालंय. उद्यापासून असं काय बदलणार आहे, ज्याने हे जमेल? ठोस उत्तर असेल तर उत्तमच. नसेल, तर वाढीव खर्चाची मागणी आजच करायला हवी.

चाचणीबद्दल मी आग्रही आहे, त्याला कारण आहे. चाचणी न झालेला जोड गळका निघाला तर तो उकरून पुन्हा करावा लागतो, आणि वर भराई झालेली असेल तर तीही वाया जाते. म्हणून चाचणीचं श्रेय देताना मी एकच नियम लावते: जो तुकडा पास झाला त्याचं पूर्ण, बाकीच्यांचं शून्य. ‘जवळजवळ झालंय’ हे उत्तर मी नोंदवून घेत नाही. काम एक-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत पाडलेलं असलं की हा कडकपणा कुणाला जाचत नाही.

आणखी एक. 38 मध्ये फक्त चुकती केलेली बिलं असतील, तर आकडा अपुरा आहे. ठेकेदाराने काम केलंय पण बिल यायचंय, तेही खर्चात धरा. नाहीतर सीपीआय या महिन्यात छान दिसेल आणि बिलं आली की कोसळेल.

हे वरपर्यंत सांगायला कचरू नका. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1967 मध्ये ठेकेदारांच्या खर्च-नियंत्रणासाठी 35 निकष घालून दिले. आजची पद्धत त्यातूनच आली. त्याच खात्याचा ए-12 या लढाऊ विमानाचा करार जानेवारी 1991 मध्ये रद्द झाला. खर्च हाताबाहेर जाणार हे आकडेवारीत आधीच दिसत होतं, तरी वर आशावादी अंदाजच जात राहिले. आकडे काढणाऱ्याने ते बोलूनही दाखवायला हवेत.

प्रश्न: आमचा प्रकल्प 10 महिन्यांचा होता, 12 वा महिना संपला तरी चालूच आहे. पण एसपीआय 0.96 वर आलाय. म्हणजे गाडी रुळावर आली का?

उत्तर: नाही. मुदत उलटली की नियोजित आकडा 100 वर थांबतो आणि झालेलं काम हळूहळू त्याला गाठतं. दोन वर्षं उशीर झाला तरी शेवटी एसपीआय 1 च येणार. अर्न्ड व्हॅल्यूचे अभ्यासक वॉल्ट लिपके यांनी 2003 मध्ये यावर ‘अर्न्ड शेड्यूल’ हा उपाय मांडला. त्यात विचारायचं: आज झालेलं काम नियोजनाप्रमाणे कधी व्हायला हवं होतं? तुमच्या तक्त्यात नवव्या महिनाअखेर 94 आणि दहाव्या महिनाअखेर 100 आहेत. तुम्ही 96 वर आहात, म्हणजे साधारण 9.33 महिन्यांचं काम झालंय. त्याला 12 ने भागा: 0.78. अहवालात हाच आकडा द्या.

त्याच्या जोडीला क्रिटिकल पाथवरची कामं, म्हणजे ज्यांना उशीर झाला की सगळा प्रकल्पच लांबतो ती, एकेक करून बघा. राहिलेले 4 कुठले आहेत ते महत्त्वाचं आहे. ते रंगकामाचे असतील तर गोष्ट वेगळी, आणि ज्यावाचून काम ताब्यात देताच येत नाही अशा एखाद्या चाचणीचे असतील तर वेगळी.