आजीच्या गोधड्या: धुवायच्या, कापायच्या की ठेवायच्या?

प्रश्न: माझी आजी नव्वदी ओलांडून गेली. जन्म सगळा खेड्यातल्या घरात. दिवसभर रगाडा आणि दुपारी जरा टेकली की हातात सुई. मागे पाच गोधड्या आणि डबाभर क्रोशाचे रुमाल आहेत. गोधड्यांना कोंदट वास येतोय, मशिनमध्ये घालू का? एकीतले काळे-तपकिरी तुकडेच तेवढे विरलेत, बाकीचे ठणठणीत आहेत, असं का? शिवाय भावंडं म्हणतात, सर्वांत मोठी गोधडी कापून प्रत्येकाने तुकडा फ्रेम करून घेऊ. माझं मन होत नाही.

उत्तर: आधी घरातली कात्री लपवा! मधूनच कापलं की धावदोऱ्याची टोकं सुटतात आणि कडेपासून टाके उसवत जातात. चार दिवसांत फ्रेममध्ये चिंध्या दिसतील. पाच आहेत ना, मग अख्ख्याच वाटून घ्या.

मशिन तर नकोच. भिजलेली गोधडी इतकी जड होते की स्वतःच्या वजनानेच टाके तोडते. नुसता वासच असेल तर पाणीही लावू नका. सावलीत, वाऱ्यावर, आडवी पसरा. दोरीवर टांगू नका. धुण्यावाचून गत्यंतरच नसेल तर ओला पांढरा बोळा प्रत्येक रंगावर दाबून बघा, लालवर तर आधी. रंग उतरला तर बेत रद्द. नाही उतरला, तर टबात खाली चादर घालून भिजवा आणि चादरीसकट उचला. पिळायची नाही.

काळ्या तुकड्यांत आजीच्या हाताचा दोष नाही बरं का. जुन्या रंगाईत काळ्या-तपकिरी छटांसाठी लोहाचे क्षार वापरत. तेच लोह सुती धागा वर्षानुवर्षं आतून कमकुवत करतं. म्हणून एकाच दिवशी शिवलेला शेजारचा पिवळा तुकडा शाबूत आणि काळ्याचा भुगा. हे थांबवता येत नाही, पण विरलेल्या भागावर बारीक नेट ठेवून शेजारच्या मजबूत कापडात सैल टाके घाला, गळती थांबेल. डिंक किंवा इस्त्रीने चिकटणारी पट्टी लावू नका.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट होतं. धुतलेल्या जुन्या पांढऱ्या सुती चादरीत गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर चुणीवरच कापड तुटतं. रुमालांना खळ घालून ठेवायची हौस असेल तर आवरा. कसर खळीवरच येते.

आणि न विचारलेलं एक सांगते. आत्या, काका, जे कोणी थोरले असतील त्यांना बोलावून गोधडी पुढ्यात पसरा. हा सदरा कोणाचा, ती फुलाफुलांची झालर कोणाच्या फ्रॉकची, हे त्यांनाच ठाऊक. ते सुती फितीवर न पुसणाऱ्या पेनाने लिहून मागच्या कोपऱ्यात टाचा. टाचणी लावू नका, गंजते.

धडधाकट असेल ती एक पांघरायला काढा. रुमाल मात्र भावंडांत खुशाल वाटा, ते सुटेच विणलेत.