कोल्हापुरात पाइनच्या फळ्या घेताना ओळखायचं कसं आणि निवडायचं कसं?

तुमचा प्रश्न असा की मुलासाठी अभ्यासाचं टेबल आणि एक पुस्तकांचं शेल्फ घरीच करायचंय, दोन-तीन वखारी फिरून आलात, सगळीकडं पांढऱ्या-पिवळ्या फळ्या, एकजण त्याला पाइन म्हणतो दुसरा देवदार म्हणतो तिसरा नुसतंच इंपोर्टेड म्हणतो, तर यातलं खरं काय आणि कुठली फळी उचलायची.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, बरीच वर्षं पॅटर्न शॉपमध्ये काम केलंय. फौंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी साच्यासाठी लाकडाचा पॅटर्न, म्हणजे त्या वस्तूचा नमुना, करावा लागतो. बीड थंड होताना फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आटतं, तो एक सूत आम्ही पॅटर्नमध्ये जादा धरतो, आणि लाकूडच वाकलं तर तो सगळा हिशोब पाण्यात. त्यामुळं लाकडाचं नाव विचारायच्या आधी फळीचं तोंड बघायची सवय लागली ती आजपर्यंत आहे. तुम्हाला पण तेच सांगेन, नाव नंतर विचारा, आधी तोंड बघा. तोंड म्हणजे करवतीनं आडवं कापलेलं टोक, जिथं झाडाची वलयं दिसतात.

वखारीत ते टोक धुळीनं काळं झालेलं असतं, कधी कधी रंग लावलेला असतो, त्यामुळं नुसतं बघून काही कळत नाही. खिशात धारदार पटाशी किंवा कटर ठेवा, मालकाला विचारून अंगठ्याएवढी जागा साफ तासा, पाण्याचं बोट फिरवा आणि उजेडात धरा. सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर ते रुंद पानाच्या झाडाचं लाकूड, म्हणजे हार्डवुड: आंबा, रबरवुड, सिल्व्हर ओक, सावर असलं काहीतरी. भोकं नसतील आणि एक फिकट एक गडद असे पट्टे एकाआड एक दिसत असतील तर ते सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडाचं, ज्याला आपण सॉफ्टवुड म्हणतो ते. यात मऊ-कडकचा संबंध नाही बरं का, सावर पाइनपेक्षा मऊ असते तरी तिची गणती हार्डवुडात होते. नखानं दाबून बघून लाकूड ओळखता येत नाही ते यामुळंच.

आता सॉफ्टवुडातलं कुठलं, ते वासावर आणि गाठींवर. ताज्या तासलेल्या जागेला राळेचा, टर्पेंटाइनसारखा वास आला आणि फळीवर बारीक तपकिरी रेघा दिसल्या तर पाइन. वलयं चांगली रुंद असतील तर बहुतेक न्यूझीलंडचा रेडिएटा जातीचा पाइन, तो लागवडीचा असतो आणि पटापट वाढतो. वास जवळजवळ नाही, रंग जास्त पांढरा आणि गाठी बारीक पण कडक काळ्या, तर स्प्रूस, युरोपातून येतो तो. देवदार एकदा हुंगला की माणूस विसरत नाही, अत्तरासारखा तेलकट दाट वास असतो आणि रंग पिवळसर-तपकिरी. ते झाड हिमालयातलं, हिमाचलचा राज्यवृक्ष आहे. देवदार टिकायला पाइनपेक्षा कितीतरी चांगला, वाळवीला पण पुरून उरतो, पण त्याच्या तेलामुळं पॉलिश लवकर वाळत नाही आणि बंद कपाटात वास कोंडून राहतो. तुम्हाला जे पाइन आणि देवदार अशा दोन्ही नावांनी दाखवलं ते वासाशिवाय होतं तर देवदार नक्कीच नव्हतं.

पण खरं सांगू का, टेबल-शेल्फला रेडिएटा की स्प्रूस यानं फार फरक पडत नाही. फरक पडतो ओलाव्यानं, आणि वलयं कशी आलीत त्यानं.

ओलाव्याचा साधा हिशोब सांगतो. फूट गुणिले इंच गुणिले इंच भागिले १४४ म्हणजे घनफूट. ६ फूट लांब, १२ इंच रुंद, १ इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. सुका पाइन घनफुटाला साधारण १४ किलो भरतो, म्हणजे ही फळी ७ किलोच्या आसपास पाहिजे. ९-१० किलो लागली तर आत पाणी आहे असं समजा, किंवा राळ तरी फार आहे. एकाच थप्पीतल्या दोन सारख्या फळ्या दोन हातात उचलून बघितल्या तरी कळतं. ओलावा मोजायचा मीटर मिळाला तर उत्तमच, १२ टक्क्यांच्या जवळपास दाखवला की निर्धास्त घ्या.

माझ्याच घरची गोष्ट. पावसाळ्यात एका वखारीतून फळ्या आणल्या, वरून कोरड्या लागत होत्या, गडबडीत लगेच शेल्फ केलं. दिवाळी होऊन हवा कोरडी पडली तशी मधली एक फळी पन्हाळीसारखी वाकली, रुंदीत मध्ये जवळजवळ तीन सूत खोल. बाकीच्या दोन सरळ. काढून तोंडं बघितली तर वाकलेल्या फळीत वलयं कमानीसारखी आडवी होती आणि दोन सरळ फळ्यांत उभी. लाकूड वाळताना वलयाच्या दिशेनं जेवढं आटतं ते गाभ्यापासून सालीकडच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट असतं, म्हणून कमानी सरळ व्हायला बघतात आणि सालीकडची बाजू आत जाते. हे मला कामावर पाठ होतं, घरी घाई केली म्हणून एक फळी गेली.

तेव्हा थप्पीतून उभ्या वलयांच्या फळ्या वेचा, शेल्फला तर त्याच घ्या. सगळ्या तशा मिळणार नाहीत, टेबलाच्या टॉपला कमानीवाल्या वापराव्या लागल्या तर ३-४ इंचाच्या पट्ट्या करून एक कमान वर एक खाली अशा फेव्हिकॉलनं जोडा. तोंडात झाडाचा मधला ठिपका, म्हणजे गाभा, दिसला की ती फळी ठेवून द्या, कितीही स्वस्त देऊदे, ती तडकणारच. मग एक डोळा मिटून कडेवरून नजर मारा, पीळ असला तर घेऊ नका, बाक थोडा असला तर छोट्या तुकड्यांना चालतो. निळसर-काळपट डाग ही बुरशी असते, त्यानं ताकदीला फारसं काही होत नाही, रंग देणार असाल तर खुशाल घ्या.

गाठी चालतात, पण भोवती काळी रिंग असलेली गाठ सुटून पडते, ती कडेला नको. आणि रंग किंवा पॉलिशच्या आधी प्रत्येक गाठीवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचे, म्हणजे लाखेचे, दोन हात मारा, नाहीतर राळ वर येऊन सहा महिन्यांत पिवळे डाग दिसतात.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीकडं मशिनच्या पेट्यांचं लाकूड स्वस्तात मिळतं, बरेच लोक तेच पाइन म्हणून आणतात. वाईट नसतं, पण त्यावरचा गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का बघा. शेजारी एचटी असेल तर ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, मुलाच्या टेबलाला ते अजिबात वापरू नका. ऑइलचे डाग असलेलं पण नको. आणि एचटी म्हणजे किडे मारायला तापवलंय, सुकवलंय असं नव्हे, वजन तिथंही करायचंच. रंधा मारायच्या आधी चुंबक फिरवा, आत तुटलेले खिळे असतात.

आणलेल्या फळ्या लगेच कापायला घेऊ नका. ज्या खोलीत टेबल राहणार तिथं, मध्ये पट्ट्या घालून, दोन-तीन आठवडे थप्पी लावून ठेवा. पावसाळा चालू असेल आणि घाई नसेल तर मी तर म्हणेन दसऱ्यापर्यंत थांबा.

शेल्फला सहा सूत जाडी असेल तर दोन आधारांत अडीच फुटांपेक्षा जास्त अंतर नको, पुस्तकांच्या वजनानं मध्ये झोळ येतो, समोरून दीड इंचाची उभी पट्टी लावली तर अजून बरं. टोकाजवळ स्क्रू मारताना आधी बारीक ड्रिल करा, नाहीतर पाइन सरळ रेषेत चिरतो.

टेबलाच्या टॉपवर बॉलपेनचे वळ उठतील, पाइन आहे तो, त्याला इलाज नाही. पण पॉलिश करायच्या आधी कुठं हातोडीचा खड्डा पडला तर त्यावर ओलं फडकं टाकून गरम इस्त्री पाच-दहा सेकंद टेकवा, दबलेल्या नसा वाफेनं फुगून वर येतात, वाळल्यावर हलका पॉलिश पेपर मारला की खड्डा होता तिथं बोटाला पण लागत नाही.