पहिल्या तीन कार्डांत रंग ठरवू नका : मॅजिक ड्राफ्टची प्रश्नोत्तरे

प्रश्न : इंदूरच्या रामबागेत आम्ही आठ जण दर रविवारी 'मॅजिक : द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळाचा ड्राफ्ट खेळतो : प्रत्येकाने एकेक करून तीन बूस्टर, म्हणजे कार्डांची बंद पाकिटं, उघडायची, एक कार्ड उचलून (हा पिक) बाकीची शेजाऱ्याला द्यायची, आणि मिळालेल्या कार्डांतून आपली डेक, म्हणजे गड्डी, बांधायची. मी पहिल्या तीन पिकांतच दोन रंग पक्के करते, आणि तिसऱ्या बूस्टरपर्यंत खेळण्याजोगी कार्डंच पुरत नाहीत. चुकतं कुठे?

रंग फार लवकर पक्के होताहेत. पहिली चार-पाच कार्डं निव्वळ ताकद बघून घ्या आणि उजवीकडून काय येतंय ते पाहा. पहिला आणि तिसरा बूस्टर डावीकडे सरकतो, म्हणजे तीनपैकी दोन फेऱ्यांत उजवीकडचा खेळाडूच तुम्हाला पुरवठा करतो. त्याने सोडलेला रंग तुमचा. सहाव्या-सातव्या पिकला एखाद्या रंगाचं खरंच दमदार कार्ड दिसलं, तर तो रंग उजवीकडे फारसा कुणी घेत नाही असं समजा.

याहून पक्की खूण नवव्या पिकला मिळते. ड्राफ्टला वापरतात त्या प्ले बूस्टरमध्ये 14 कार्डं असतात. आठ जणांच्या टेबलावर तुम्ही उघडलेलं पाकीट परत येतं तेव्हा त्यात सहा उरलेली असतात. उघडतानाच त्यातली दोन चांगली हिरवी कॉमन (सहज मिळणारी) कार्डं मनात धरून ठेवा. दोन्ही परत आली, तर बाकी सातांपैकी कुणालाच ती नको होती. सुरुवातीला सगळं लक्षात राहत नाही, म्हणून एकाच रंगाची दोन कार्डं धरायची सवय लावा.

प्रश्न : 40 कार्डांच्या डेकमध्ये एका जबरदस्त कार्डासाठी तिसरा रंग घेतला, त्याचे तीन लँड (कार्ड खेळायला लागणारी मना, म्हणजे शक्ती, देणारी कार्डं) टाकले. तरी ते कार्ड हातातच राहतं.

हिशेब करून बघा. आधी खेळत असाल तर चौथ्या टर्नपर्यंत 10 कार्डं बघून होतात. तीन लँडपैकी किमान एक त्यांत असण्याची शक्यता साधारण 59 टक्के, चार असतील तर 70. आणि डेकमधल्या एकूण 17 लँडपैकी तीन तिकडे गेले की मुख्य दोन रंगांना सात-सात उरतात. मग दुसऱ्या टर्नला खेळायचं कार्डही अडतं. तिसरा रंग घ्यायचाच तर ज्याच्या मना-किमतीत त्या रंगाचं एकच चिन्ह आहे आणि जे उशिरा आलं तरी डाव फिरवतं, अशाच कार्डासाठी घ्या.

प्रश्न : आम्ही चौघंच आहोत, आणि दर वेळी बूस्टर परवडत नाहीत.

क्यूब करा, म्हणजे आपणच निवडलेल्या कार्डांचा एक संच करून त्यातूनच ड्राफ्ट खेळा. चौघांना प्रत्येकी 45, म्हणजे 180 कार्डं पुरतात. ती पुन्हापुन्हा वापरता येतात. नसलेल्या कार्डांच्या चिठ्ठ्या करा : खजुरी बाजारातल्या साध्या कागदावर नाव, मना आणि मजकूर लिहून स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) जुन्या कार्डापुढे सरकवा. अधिकृत स्पर्धेत मात्र चिठ्ठ्या चालत नाहीत. दोघंच असाल तर नऊ कार्डं तीन बाय तीन मांडा : पहिल्याने एक ओळ किंवा स्तंभ उचलायचा, दुसऱ्याने उरलेल्यातून, बाकीची बाजूला. पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी आधी. असं 18 वेळा मांडायचं, 162 कार्डं लागतात.

प्रश्न : माझी 60 कार्डांची डेक 20 पैकी 12 डाव जिंकली. स्पर्धेला न्यावी का?

एवढ्यावरून ठरवू नका. अगदी बरोबरीच्या दोन डेक असल्या, तरी एकीला 20 पैकी 12 किंवा जास्त डाव मिळण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून आकड्यापेक्षा कारणं लिहा. प्रत्येक डावाची एक ओळ पुरते : "नंतर खेळलो, सात ठेवली, पाच लँड, दोन महाग कार्डं शेवटपर्यंत हातात." दहा डाव यादीला हात लावायचा नाही. त्यानंतर तेच कार्ड तीन-चार ओळींत अडकलेलं दिसलं तर बदला, आणि एका वेळी दोनच जागा बदला. एका हारीनंतर सहा कार्डं बदलली, तर पुढचा निकाल कशामुळे आला हे कळायला मार्गच उरत नाही.

साइडबोर्ड, म्हणजे डावांच्या मधे डेकमध्ये अदलाबदल करायला बाजूला ठेवलेली कार्डं, विसरू नका. तीन डावांच्या सामन्यात फक्त पहिला डाव त्याविना होतो, म्हणून निम्मे तरी सराव-डाव साइडबोर्ड घालून खेळा. कुठली कार्डं आत जाणार आणि कुठली बाहेर, ते प्रत्येक प्रतिस्पर्धी डेकसाठी आधीच लिहून ठेवा. एकटे असाल तर सात-सात कार्डं वाटून तीस हात पाहा आणि पुढचं कार्ड न बघता ठेवणार की मलिगन (हात परत करून नवा घेणं), हे मोठ्याने सांगा. हा सराव कंटाळवाणा आहे, पण याच्याइतका फायदा कशात नाही.

प्रश्न : पावसाळ्यात फॉइल (चकचकीत थराची) कार्डं वाकतात. खेळली तर चालतील?

कागद ओल धरतो, फॉइलचा थर धरत नाही, म्हणून कार्ड कमानीसारखं होतं. स्पर्धेत धोका आहे : ढिगात ते ओळखू आलं तर खुणेचं कार्ड म्हणून दंड होऊ शकतो. डेक टेबलावर ठेवून डोळ्याच्या रेषेत पाहा. फट दिसली तर साधी प्रत वापरा. बाकीची सिलिका जेलची पुडी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.