दुधाचाच दात आहे ना, मग कशाला भरायचा?

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा ५ वर्षांचा आहे, मागच्या दाढेला काळा खड्डा दिसतोय. घराजवळचे डेंटिस्ट म्हणतात फिलिंग करू, सासूबाई म्हणतात पडणारच आहे तो दात, राहू दे. काय करू? आणि धाकटी १ वर्षाची झाली, तिला कधी न्यायचं?

उत्तर: सासूबाईंचं चुकतंय असं नाही हो, पडणारच आहे, पण कधी ते बघा ना. पुढचे दात ६-७ व्या वर्षी पडतात, दुधाच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहतात, म्हणजे अजून निदान ५ वर्षं त्यानेच चावायचंय. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की ठणका, सूज, आणि दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, मग खालून येणारा पक्का दात वाकडा येतो. तेव्हा भरून घ्या, खड्डा लहान आहे तोवर काम १५-२० मिनिटांत उरकतं.

अजून एक, साधारण ६ व्या वर्षी सगळ्यात मागे पहिली पक्की दाढ येते, कुठलाही दात न पडता, त्यामुळे आईवडिलांना वाटतं दुधाचीच आहे (माझ्याकडे येणारे निम्मे पालक इथेच फसतात!). तिच्यावर सीलंट (कीड लागू नये म्हणून दाढेच्या खाचा बुजवणारा पातळ थर) लावता येईल का ते डेंटिस्टना विचारा.

धाकटीला आत्ताच दाखवून आणा. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, मोठ्याला वाटाण्याएवढी, आणि रात्रीचं ब्रशिंग तुम्ही स्वतः करून द्या.