वॉशर दर वेळी ड्रेनच्या क्षणी रिसेट होतं, नवीन कार्ड घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की हॉटेलच्या लाँड्रीतलं २५ किलोचं वॉशर पाणी भरतं, गरम करतं, धुतं; आणि ड्रेन सुरू व्हायच्या क्षणी डिस्प्ले झपकन जाऊन परत येतो, प्रोग्रॅम पहिल्यापासून. सर्व्हिसवाला म्हणतो कार्ड, म्हणजे मशिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेलं. जरा थांबा. मी अठरा वर्षं हॉटेलं-हॉस्पिटलांच्या लाँड्रीत हीच मशिनं उघडतोय. मेलेलं कार्ड मेलेलंच राहतं, रोज ठरलेल्या वेळी मरून लगेच उठून बसत नाही.

या मशिनांतला ड्रेन व्हॉल्व बहुधा ‘नॉर्मली ओपन’ असतो. धुणं चालू असेपर्यंत त्याला सप्लाय असतो म्हणून तो बंद राहतो. सप्लाय काढला की उघडतो. मधेच लाईट गेली तर ड्रमभर गरम पाणी अडकून बसू नये, यासाठी ही सोय. म्हणजे तुमच्याकडे त्या क्षणी काही चालू होत नाहीये, बंद होतंय. व्हॉल्वच्या कॉइलचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याचा, सप्लाय तोडला की ती उलट्या व्होल्टेजचा झटका (स्पाइक) मारते. तो गिळायला कॉइलवर किंवा कार्डावर स्नबर असतो, साधारण १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तो उडाला की रिलेच्या (कार्डावरच्या विजेने चालणाऱ्या स्विचच्या) कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि प्रोसेसर भांबावतो. माझा पहिला संशय यावर.

काहीतरी चालू होताना डिस्प्ले गेला असता, म्हणजे हीटरचा कॉन्टॅक्टर (मोठा रिले) ओढताना किंवा डोअर लॉक बसताना, तर मी आधी फुगलेला कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या ढिल्या वायरी शोधल्या असत्या.

आता तपासायचं कसं? तुमच्या हॉटेलच्या इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या, एकट्याने हात घालू नका. आयसोलेटर (मशिनचा मेन स्विच) पाडून दहा मिनिटं थांबा. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या आत ५०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो, मीटरने उतरलेला बघूनच पुढे. व्हॉल्वच्या दोन्ही वायरी काढा आणि तिथे बल्ब जोडा. कॉइलवर २३० व्होल्ट लिहिलं असेल तर जुना तारेचा बल्ब, २४ असेल तर ट्रकचा. एलईडी नको. आउटपुटला रिलेऐवजी ट्रायक (इलेक्ट्रॉनिक स्विच) असेल तर तो बंद असतानाही किंचित करंट गळतो आणि एलईडी मिणमिणत राहतो. मीटरसुद्धा लोडशिवाय असाच फसवतो, आउटपुट बंद असतानाही व्होल्टेज दाखवतो. वायरी काढल्या की व्हॉल्व उघडाच राहणार आणि पाणी भरणारच नाही, म्हणून हे प्रोग्रॅम लावून करू नका. सर्व्हिस मेनूमध्ये आउटपुट टेस्ट असते, तिथून ड्रेन दहा वेळा चालू-बंद करा. आधी हेच व्हॉल्व जोडलेला असताना केलेलं असू द्या. व्हॉल्ववर रिसेट होतं आणि बल्बवर होत नाही, तर कार्ड निर्दोष. नवा स्नबर थेट व्हॉल्वच्या टोकांवर लावा, कपॅसिटर एक्स-टू वर्गाचाच, म्हणजे मेन्स सप्लायवर लावायला बनवलेला, घ्या.

बल्बवरही रिसेट झालं तर मग कार्ड बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात बघा. रिलेच्या पायांभोवती केसाएवढी गोल चीर दिसली तर ते ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला टाका. कनेक्टरच्या पिनांवर हिरवी पूड असेल तर ती वाफेची आणि ब्लीचची कृपा. केमिकलचे कॅन मशिनच्या पाठीशी ठेवलेत का, तेही बघा. दोन्ही गोष्टी गावातला चांगला टीव्ही रिपेअरवालासुद्धा दुरुस्त करतो.

माझी एक चूक सांगतो. एका हॉस्पिटलात इनलेट व्हॉल्वच्या रिलेची पट्टी जळालेली दिसली, मी नवीन कार्ड टाकून मोकळा झालो. दोन आठवड्यांत त्याच रिलेची पट्टी पुन्हा काळी. तेव्हा कुठे कॉइली मोजल्या: शेजारच्या दोन्ही चार किलोओहमच्या आसपास, आणि ही जेमतेम तीनशे. शॉर्ट कॉइलने दोन कार्डं खाल्ली होती. तेव्हापासून कुठलंही कार्ड बदलायच्या आधी मी सगळ्या कॉइली मोजतो, एकसारख्यांची आपसात तुलना करतो.

एवढं करून कार्ड घ्यावंच लागलं, तर जुनं चालतंय तोवर सगळ्या पॅरामीटरचे (मेनूतल्या सेटिंगचे) आणि डिप स्विचचे (कार्डावरच्या बारीक स्विचांचे) फोटो काढून ठेवा. नवं कार्ड कोरं येऊ शकतं, आणि मग ड्रमचा साइज, पाण्याची लेव्हल, स्पिनचा वेग कुणालाच आठवत नाही. आणि तपासणीसाठी म्हणून डोअर स्विच वायरने जोडून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. स्पिनमध्ये दार उघडलं तर हात जातो.

बल्बवर काय झालं आणि ड्रेनच्या कॉइलचे ओहम किती आले, एवढं कमेंटमध्ये टाका.