सानू, तुझ्या सापाच्या प्रश्नाबद्दल

सानू,

परवा शाळेत नव्याने सापडलेल्या सापांवर काहीतरी दाखवलं आणि घरी येऊन तू विचारलंस, "आई, तुम्ही लोक सापाची पूजा करता ना, मग आजीने बाथरूममधला छोटा साप का मारला?" मी पोळ्यांचं निमित्त करून टाळलं, पण लागलं जरा.

अगं तो वाळा. सदाशिव पेठेतल्या आमच्या मोरीत पावसाळा लागला की हमखास निघायचा, गांडुळाएवढा, काळपट चकचकीत, डोकं कुठलं शेपूट कुठलं कळायचं नाही. कानात शिरतो म्हणे, म्हणून आजी त्याच्यावर उकळतं पाणी ओतायची. शिरतबिरत नाही काही, मुंग्यांची नि वाळवीची अंडी खातो. आणि सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय अंडी घालतात, कुंड्यांच्या मातीतून पार फ्लोरिडापर्यंत पोचल्यात!

त्याच आजीकडे नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. पाटावर चंदनाचा नाग, लाह्या, दूध, आणि पुरणाची दिंडं. बेबीआत्याची दिंडं दरवर्षी चाळणीतच फुटायची, तरी तिलाच बसवायचे. बोळात गारुडी आला की मी माझ्या वाटचं दूध खुशाल नागाला द्यायचे, तेवढंच प्यायला नको. नाग दूध पीत नाही हे फार नंतर कळलं.

भीती होती म्हणून हात जोडायचे, घरात आला की झाडू. ढोंग म्हण हवं तर. पण एक दिवस जमीन खणायची नाही, आत कुणीतरी राहतं, हे मला तेव्हाही आवडायचं आणि अजून आवडतं.

आणि पुण्यात नुसत्या आज्याच नव्हत्या हं. नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते, साप उगाच चावत नाही हे दाखवायला. कात्रजच्या सर्पोद्यानात गेलो की आजोबा दर वेळी हे सांगायचे, आम्ही तोंडपाठ म्हणायचो. २०१६ मध्ये सह्याद्रीतल्या एका काळ्या, बिनविषारी, जमिनीखाली राहणाऱ्या सापाला त्यांचं नाव दिलंय, मेलॅनोफिडियम खैरेई. होता तिथेच, पण तोवर लोक त्याला दुसऱ्याच जातीचा समजत होते.

यंदा दिंडं करणारे मी, पूजेला बसच असं काही नाही. आजीला विचारायचं तर खुशाल विचार, फक्त तिची सिरियल चालू असताना नको.

आई