आधी थांबायला शीक

प्रिय मित्रा,

तुझा कयाकिंगचा, म्हणजे एकट्याच्या छोट्या नावेतून खळाळती नदी उतरण्याचा, व्हिडिओ तीनदा पाहिला. धबधब्याच्या कड्यावरून नाव सुटली, नाक वर राहिलं, खाली आपटताच तू वल्हं मारून पाण्याच्या कचाट्यातून निघालास. उडी चांगलीच होती. पण मी परत परत पाहिला तो त्याआधीचा भाग. कड्याच्या थोडं वर, डावीकडच्या खडकामागे एक एडी होती, नाव टेकवून दोन श्वास घेता येतील एवढं उलट फिरणारं शांत पाणी. तिच्याकडे तू वळलाही नाहीस. धार नेईल तिकडे गेलास. दुर्गम नद्यांवर जायला मी तयार आहे का, असं विचारतोस. अजून नाहीस, ते त्या एडीमुळे.

ओळखीच्या नदीवर चूक झाली तर खाली डोह असतो, काठावर कुणीतरी थ्रो बॅग, म्हणजे पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोरीची पिशवी, घेऊन उभं असतं. दूरच्या घळीत दोन्ही बाजूंचे कडे थेट पाण्यात उतरतात आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही. रॅपिड म्हणजे नदीचा खळाळता उतार, अवघडपणानुसार त्याच्या सहा श्रेण्या; तिथला चौथ्या श्रेणीचा रॅपिड मी पाचव्या श्रेणीचा धरतो, कारण निखळलेला खांदा घेऊन बाहेर पडायला कित्येक दिवस लागू शकतात. पुढची एडी दिसते आहे आणि ती नक्की पकडता येईल, अशी खात्री असेल तरच हातातली सोडायची. नाहीतर उतरून काठाने चालायचं, पुढचं पाणी बघून यायचं. काठच नसेल, तर घळीत शिरण्याआधी वरून बघून ठेवलेलं हवं.

आणि पाणी किती आहे, ते बघ. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा रेटा चौपट होतो. तिबेटमधल्या यार्लुंग त्सांगपोवर ऑक्टोबर १९९८ मध्ये एक अमेरिकी पथक गेलं होतं. त्या वर्षीच्या जोरदार पावसानंतर नदीला अपेक्षेपेक्षा खूपच जास्त पाणी होतं. डग गॉर्डन हा मुरलेला कयाकपटू एका पायरीवरून उतरताना उलटला, मुख्य धारेत ओढला गेला आणि परत दिसला नाही. २००२ मध्ये कयाकपटू स्कॉट लिंडग्रेनचं पथक त्याच नदीवर गेलं ते ऐन हिवाळ्यात, पाणी उतरल्यावर. वरची घळ त्यांनी पार केली, आणि पुढचा मोठ्या धबधब्यांचा टप्पा सोडून नावांसह बर्फातली खिंड चढून गेले. ते चढणं मला त्या मोहिमेतलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

हिमनदीतून येणारी नदी ऊन चढेल तशी फुगते. अवघड टप्पे सकाळीच उरक, आणि मुक्कामाला पोचलास की पाण्याच्या कडेला एका दगडावर खूण करून ठेव, म्हणजे पाणी चढलं की उतरलं ते कळेल.

सोबत कोण आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. तरुणपणी एका रॅपिडवर पुढचे तिघे गेले म्हणून मीही गेलो. ‘मी नाव उचलून नेतो’ हे शब्द तोंडाशी आले होते. होलमध्ये, म्हणजे नाव धरून ठेवणाऱ्या उलट्या फिरत्या पाण्यात, अडकलो, उलटलेली नाव बसल्या जागी सरळ करायचा रोल जमला नाही, शेवटी नावेतून बाहेर पडून पोहावं लागलं. वल्हं गेलं, आणि माझ्यापायी चौघांना दोन दिवस चालत बाहेर यावं लागलं. ते शब्द ज्यांच्यासमोर सहज बोलता येतील, त्यांच्याबरोबरच दूर जा.

आता महिनाभर नवा कडा नको. तुझ्या पाठ असलेल्या एखाद्या सोप्या रॅपिडवर जा आणि त्यातली प्रत्येक एडी घे, अगदी नावेएवढीसुद्धा. डावीकडची, उजवीकडची, जिथे वळताना नाव कलंडते ती तर दहादा. मग कागदावर त्या रॅपिडचा नकाशा काढ, सगळ्या एड्या दाखव, आणि ज्या हुकल्या त्यांवर फुली मारून मला पाठव.

तुझा,
नदीवरचा जुना सोबती